तपासले म्हणजे खरे नव्हे

काटेसाहेबांचं आडनाव काटे नव्हतं. वजनमापे खात्यात ते निरीक्षक होते, चौतीस वर्षं त्यांची नजर तराजूच्या काट्यावर खिळून राहिली, म्हणून बाजारानं त्यांना हे नाव ठेवलं. नावं ठेवायला बाजाराला त्यांच्यात दुसरं काही सापडलंही नाही. लाच घेत नसत, ओळख दाखवत नसत, आणि तपासणीला कुठे जाणार ते सख्ख्या बायकोलाही सांगत नसत. "आधी कळवून केली ती तपासणी नव्हे, पाहुणचार," असं ते म्हणत.

दुकानात शिरले की दुकानदाराकडे ते बघतच नसत. थेट वजनं उचलायची आणि उलटी करायची. लोखंडी वजनाच्या पोटात एक भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं आणि त्या शिशावर सरकारी ठसा असतो. काही हुशार मंडळी ते शिसं कोरून काढत आणि जागी काळं मेण भरत. काटेसाहेब नखानं जरा टोकरून बघत, नख आत रुतलं की एक शब्द न बोलता वजन पिशवीत टाकत. जे दुकान जरा जास्तच आवरलेलं, पुसलेलं, चकचकीत दिसे, तिथे ते हमखास दोनदा तपासत. त्यांचा पहिला संशय नेहमी टापटिपीवर.

बघून झालेल्या प्रत्येक वजनावर ते खडूनं एक शब्द लिहीत: "तपासले". वजन खरं निघो की खोटं, शब्द तोच. त्याचा अर्थ एवढाच, की हे हातावेगळं झालं, पुन्हा उचलू नका. खरं-खोटं ठरायचं ते ठशावरून. वाचकांनी ही गोष्ट पदराला गाठ मारून ठेवावी, कारण पुढचं सगळं रामायण या एका शब्दावरून घडणार आहे.

लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर त्यांना मुलगी झाली, जेमतेम मूठभर. तराजूची पारडी रिकामी असतानाच एक बाजू झुकत असेल, तर दुसऱ्या बाजूला एखादा खडा किंवा खिळा बांधून तोल साधतात. त्याला पासंग म्हणतात. लेकीला पहिल्यांदा हातात घेऊन साहेब म्हणाले, "ही आपल्या घराची पासंग." बायकोला त्यातलं काही कळलं नाही, पण नाव चिकटलं. पुढे पोरगी शाळेत पहिली आली की "हिच्या पासंगालाही कोणी पुरत नाही" असं म्हणून बाप हसायचा. विनोद दरवर्षी तोच, आणि हसणारा दरवर्षी एकटाच.

पासंग मोठी झाली, वर्तमानपत्रात लागली आणि एक रात्र अन् अर्धा दिवस प्रवास करावा लागेल इतक्या लांबच्या शहरात जाऊन राहिली. तिचा फोन आईला यायचा. मायलेकी तासभर बोलत, मग आई म्हणायची, "घ्या, बोला लेकीशी." साहेब फोन हातात घेऊन विचारत, "बरी आहेस ना? ठीक. आईला देतो." बापाचं सगळं प्रेम या तीन वाक्यांत मावायचं. मावायचं म्हणजे कोंबून बसवलेलं असायचं, पण ते घरातल्या तिघांनाही माहीत होतं, त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं.

मग आई आजारी पडली. तिनंच बजावून ठेवलं होतं, "तिच्या डोक्याला आधीच कामाचा ताप आहे. उगाच घाबरवू नका पोरीला. मी उठेन आठ दिवसांत." त्या आठ दिवसांत लेकीनं तीनदा विचारलं, "बाबा, खरं सांगा, आई कशी आहे?" आणि ज्या माणसानं चौतीस वर्षांत एक खोटं वजन पुढे जाऊ दिलं नव्हतं, त्यानं तिन्ही वेळा सांगितलं, "आई बरी आहे. काळजी करू नकोस."

ती पोचली तेव्हा उशीर झाला होता. आठ दिवस राहिली, रडली, आईची कपाटं आवरली. बापाला दोष दिला नाही. निघताना बूट घालता घालता, वर न बघता एवढंच म्हणाली, "तुम्ही सांगितलं होतं बाबा, म्हणून मी तपासलं नाही."

या गोष्टीला तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून लेक घरी आली नव्हती. भांडण म्हणाल तर नव्हतं. भांडण असतं तर मिटवता तरी आलं असतं. रविवारी सकाळी फोन यायचा. "जेवण होतंय ना वेळेवर?" "होतंय." "औषधं?" "घेतोय." "बाकी?" "बाकी मजेत. काळजी करू नकोस." अडीच मिनिटं. साहेबांनी घड्याळ लावून बघितलं होतं. मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ती अडीच मिनिटं संपली की पुढचा रविवार येईपर्यंत घरात भांड्यांखेरीज कशाचा आवाज व्हायचा नाही. तिनं यावं, याखेरीज त्यांना काही नको होतं, आणि 'ये' हा एवढा एक शब्द त्यांच्या तोंडून निघत नव्हता. खोटं वजन वापरलेल्या माणसानं गिऱ्हाइकाला पुन्हा हाक कोणत्या तोंडानं मारायची?

आई गेल्यावर सहा महिन्यांनी लेकीनं बातम्या लिहिणं सोडलं आणि कचेरीतलं पडताळणीचं टेबल मागून घेतलं. लोकांच्या फोनवरून फिरणारे फोटो, बातम्या, इशारे खरे की खोटे ते शोधायचं आणि खाली निकाल द्यायचा. निकाल चार: खरं, खोटं, अर्धसत्य, पुरावा नाही. साहेबांना हे कळलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. पोरगी शेवटी बापाच्याच खात्यात गेली. ती त्या खात्यात का गेली असेल, हा विचार मात्र त्यांनी अर्ध्यावरच सोडून दिला.

आणि मग ती मगर आली.

साहेबांचा एक मित्र होता, निवृत्त पोस्टमन. सगळे त्याला टपाल म्हणत. टपालनं एके दिवशी फोटो पाठवला: गावाला पाणी पुरवणाऱ्या तलावाच्या काठावर बसएवढी लांब मगर, बाजूला टोपी घातलेला माणूस, आणि खाली, "सावधान! आजच सकाळी दिसली." साहेबांना शंका आली. त्यांनी तो फोटो लेकीला पाठवला आणि विचारलं, "हे खरं का गं?"

दहाव्या मिनिटाला फोन वाजला. वार बुधवार होता.

"बाबा, कुठून मिळालं हे तुम्हाला? पुढे कुणाला पाठवलं नाहीत ना?"

"नाही गं. तुलाच."

"ऐका. फोटोचं वर्णन लिहून शोधायचं नाही, फोटोच शोधायला टाकायचा. म्हणजे तो याआधी कुठे कुठे येऊन गेलाय ते दिसतं. ही मगर प्लास्टरची आहे. एका प्रदर्शनासाठी केलेली, अकरा वर्षांपूर्वी. आणि त्या माणसाच्या बुटांकडे बघा, चिखलाच्या काठावर उभा आहे आणि बूट कोरडे!"

"अरेच्चा," साहेब म्हणाले. "बूट मी बघितलेच नाहीत."

"तुम्ही? वजन उलटं करून बघणारे तुम्ही?" आणि ती हसली. तीन वर्षांत पहिल्यांदा हसली. मग मगर सोडून बोलणं कुठल्या कुठे गेलं, तिच्या कचेरीतल्या चहावर आलं, तिच्या घरमालकिणीच्या खोकल्यावर आलं. फोन ठेवला तेव्हा बावीस मिनिटं झाली होती. साहेब खुर्चीत तसेच बसून राहिले. त्या प्लास्टरच्या मगरीचे त्यांनी मनापासून आभार मानले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी एक बातमी पाठवली, ती खरी निघाली. उत्तर आलं एका शब्दात: "खरं." त्यानंतर पुराची एक चित्रफीत पाठवली, ती सहा वर्षं जुनी निघाली. अठरा मिनिटं. लिंबू पिळलेल्या गरम पाण्यानं गेलेली दृष्टी परत येते, असं सांगणारा एक डॉक्टर पाठवला. तसा डॉक्टर त्या इस्पितळात कधी नव्हताच, हे तिनं फोन करून विचारून घेतलेलं. चोवीस मिनिटं. एका सभेचा फोटो पाठवला, गर्दी खरी पण दुसऱ्याच सभेची. एकतीस मिनिटं.

साहेबांनी कपाटातून जुनी कोरी नोंदवही काढली आणि रकाने आखले. तारीख, नमुना, निकाल, बोलणं किती. दोन महिन्यांत चित्र स्वच्छ झालं. खऱ्याला एक शब्द. खोट्याला वीस मिनिटं. अर्धसत्याला तीस, कारण त्यात खरं किती नि खोटं किती ते सोडवून सांगावं लागतं. म्हणजे लेकीचा आवाज ऐकायचा तर खोटंच पाठवायला हवं होतं, आणि तेही चांगल्या प्रतीचं.

आता खोटं ओळखायचं तर आधी स्वतः तपासायला हवं. मग साहेब तेही शिकले. शिकवणी लेकीचीच, फोनवर मिळालेली. सावल्या एकाच दिशेला पडतात का ते बघायचं. दुकानांच्या पाट्या वाचायच्या. झाडांची पानं आणि माणसांचे कपडे एकाच ऋतूतले आहेत का ते बघायचं. बातमीत म्हटलेल्या कचेरीला सरळ फोन लावायचा. आणि "सगळ्यांना पाठवा" असं लिहिलेलं असेल तर दोनदा तपासायचं. रोज दुपारी साहेब टेबलाशी बसून डझनभर मेसेज उलटेपालटे करत, आणि त्यातला एखादा धडधडीत खोटा निघाला की त्यांचा चेहरा उजळे. ज्या गोष्टीसाठी उभ्या आयुष्यात दुकानदारांना धारेवर धरलं, ती आता ते जिन्नस निवडावा तशी निवडत होते. नियतीलाही कधीकधी विनोद सुचतो, फक्त ती तो आपल्यावर करते.

एक नियम मात्र त्यांनी पाळला. निवडलेलं खोटं लेकीखेरीज कुणाला जाता कामा नये. आणि एकच माल दोनदा जाऊ नये म्हणून, शोधून झालेल्या प्रत्येक मेसेजच्या डोक्यावर ते फोनमध्ये जुन्या सवयीनं एक शब्द टाकून ठेवत: "तपासले". लेकीला पाठवताना तो पुसून टाकत.

असे सात महिने गेले. मग तो मंगळवार उजाडला.

मेसेज असा होता: "सर्व पेन्शनरांनी उद्या दुपारपर्यंत पेन्शन कचेरीत स्वतः येऊन हयातीचा दाखला द्यावा, अन्यथा पेन्शन बंद." साहेबांनी कचेरीला फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, "छे हो, दाखल्याला अजून पाच महिने आहेत." खोटं! तेही फार छान खोटं, कारण दाखला द्यावा लागतो हे खरं, तारीख तेवढी बनावट. अर्धसत्य. तीस मिनिटांचा ऐवज. साहेबांनी वर "तपासले" टाकलं आणि जरा डोळा लागू दिला.

उठल्यावर त्यांना स्वतःचा चष्मा सापडेना. बायकोचा चष्मा तिच्या डबीत, औषधांच्या शेजारी, ती ठेवून गेली तिथेच होता. कधीमधी ते तो लावत. नंबर जुळत नव्हता, सगळं धुरकट दिसायचं, पण ते धुरकट दिसणंही त्यांना आवडे. तो लावून त्यांनी फोन उचलला. यादीत "पासंग" होतं, त्याच्या लगेच खाली "पेन्शनर मित्र". बोट एका ओळीनं चुकलं. वरचा शब्द पुसायचाही राहिला.

मग ते लेकीच्या फोनची वाट बघत बसले. पाच वाजले, सहा वाजले. तीस मिनिटांचं अर्धसत्य आणि साधा एक शब्द नाही? मित्रांच्या ग्रुपचा आवाज त्यांनी केव्हाच बंद करून ठेवला होता, तिथे रोज सकाळी नुसती फुलं येत. त्यामुळे तिकडे काय पेटलंय याचा त्यांना पत्ता नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

बुधवारी सकाळी शेजारीण दारात आली. "काय हो काटेसाहेब, तुम्ही रांगेत नाही गेलात?"

"कसली रांग?"

"दाखल्याची. तुम्हीच तर कळवलंत सगळ्यांना. आमचे हे सातलाच जाऊन उभे राहिलेत. तुम्ही तपासलंय म्हटल्यावर आम्ही काही विचारलंच नाही कुणाला."

साहेबांनी पायात चपला सरकवल्या आणि निघाले. पेन्शन कचेरीचं दार अजून उघडलं नव्हतं. पायऱ्यांपासून रस्त्याच्या वळणापर्यंत पांढऱ्या डोक्यांची रांग लागली होती. काठ्या होत्या, घडीच्या खुर्च्या होत्या, कागदांच्या पिशव्या छातीशी धरलेल्या होत्या. काही जणांना साहेबांनी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. मेसेज आणखी दहा ठिकाणी फिरून आला होता, आणि फिरता फिरता "तपासले" चं "काटेसाहेबांनी स्वतः तपासलेले, शंभर टक्के खरे" झालं होतं. लोकांनी ध चा मा केला म्हणावं, तर मुळात ध काढून दिला होता यांनीच.

ते पायरीवर चढले. मग म्हणाले, "घरी जा सगळे. ते खोटं आहे. चूक माझी आहे."

"पण तुम्ही तर तपासलं होतंत!" रांगेतून एक बाई म्हणाल्या.

"तपासलं होतं. खोटं निघालं होतं."

"मग तसं लिहायचं ना!" बाई रागावल्या नव्हत्या, त्यांना खरोखरच समजत नव्हतं. साहेबांचा ठसा बघून लोकांनी आत शिसं आहे की मेण ते टोकरून बघितलं नव्हतं. कशाला बघतील?

टपाल फुटपाथच्या कडेला बसला होता, कुणीतरी त्याच्या डोक्यावर ओला रुमाल ठेवलेला. पहाटे साडेपाचला येऊन उभा राहिला होता, दुखऱ्या गुडघ्यांनिशी, आणि नऊच्या सुमाराला भोवळ येऊन पडला होता. कोपर सोलवटलं होतं. साहेब त्याच्या शेजारी खाली बसले.

"चाळीस वर्षं पत्रं वाटली मी," टपाल म्हणाला. "आत काय लिहिलंय ते एकदाही बघितलं नाही, पण पत्ता कधी चुकवला नाही. तू आतलं सगळं वाचलंस आणि दिलंस भलत्याच दारात."

"चुकलो रे."

"कुणाला पाठवायचं होतं?"

"पोरीला."

टपालनं डोक्यावरचा रुमाल काढला. त्याला दोन मुलगे, दोघेही लांब. "मग ठीक आहे," तो म्हणाला आणि उठायला हात पुढे केला.

दुपारी लेकीचा फोन आला. आवाज कचेरीतला होता.

"बाबा, कामाचं विचारते. आमच्या टेबलावर सकाळपासून सत्तर जणांनी एक मेसेज पाठवलाय. त्यावर काटेसाहेब असं नाव आहे."

"मीच तो."

"कुठून मिळाला?"

त्यांनी सगळं सांगितलं. कचेरीतल्या बाई, "तपासले", चष्मा, यादीतली ओळ. तिनं मधे टोकलं नाही, नुसतं टिपून घेतल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"म्हणजे खोटं आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"आणि तरी मला विचारणार होतात, हे खरं का गं म्हणून?"

"हो."

"याआधीचेही?"

"मगर आणि सुरुवातीचे काही सोडून. मगर मला खरंच माहीत नव्हती."

"का पण, बाबा?"

निरीक्षकांना आयुष्यात जबाब घ्यायची सवय, द्यायची नाही. त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "खरं पाठवलं की तू एका शब्दात संपवतेस," ते म्हणाले. "खोट्यावर जरा बोलतेस."

पलीकडे कुणीतरी तिला हाक मारत होतं, कुठेतरी दार आपटलं. ती म्हणाली, "ठेवते बाबा."

दुसऱ्या दिवशी तिच्या वर्तमानपत्रात चौकट आली. मेसेज खोटा आहे, कचेरीनं तसं काही कळवलेलं नाही, आणि "तपासले" या शब्दाचा अर्थ खरे ठरले असा होत नाही. नाव कुणाचं दिलेलं नव्हतं. साहेबांनी ती चौकट कापून नोंदवहीत चिकटवली. लेकीनं बापावर लिहिलेला तो पहिलाच मजकूर, आणि त्यात एक शब्द जास्त नव्हता, एक कमी नव्हता. ग्रुपवर त्यांनी माफी लिहिली आणि रांगेतले जे ओळखीचे होते त्यांच्या घरी जाऊन समोरासमोरही मागितली. सगळ्यांनी चहा पाजला. हसणारेही भेटले. राग फक्त त्यांचा त्यांनाच होता.

मेसेज पाठवणं त्यांनी बंद केलं. आता रोजच्या दुपारी रिकाम्या. रविवार आला, फोन आला नाही. सोमवारी त्यांनी तीनदा फोन हातात घेतला. काय लिहायचं? खरं लिहिलं तर एक शब्द येईल. आणि खरं होतं तरी काय? घर मोठं झालंय, चहा एक कप करायची अजून सवय झालेली नाही, तू ये. इतकं साधं वाक्य, पण बोटाला जडच जात होतं.

दुसरा रविवारही तसाच गेला. तेव्हा त्यांनी ठरवलं, निदान पोरीच्या जिवाला घोर नको. तिनंच शिकवलं होतं की पुराव्याशिवाय दाव्याला किंमत नाही. त्यांनी टेबल पुसलं, धुतलेलं कापड अंथरलं, दोन कप मांडले, फळं ठेवली आणि फोटो काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाठवला आणि खाली लिहिलं, "आत्ताच चहा झाला. टपाल आला होता, खूप गप्पा झाल्या. मी मजेत आहे. काळजी करू नकोस."

दिवसभर काही आलं नाही. संध्याकाळी उत्तर आलं. फोन नव्हता, लिहिलेलं होतं, तिच्या टेबलाच्या रीतीनं. साहेबांनी आधी स्वतःचा चष्मा शोधला, मग वाचलं.

"दावा: मी मजेत आहे.

पडताळणी: फोटो आज सकाळचा असल्याचं सांगितलंय. टेबलावर खिडकीच्या गजांची सावली आहे. ती खिडकी पश्चिमेची. तिथून ऊन चारनंतर येतं, लहानपणी मी तिथेच अभ्यासाला बसायचे. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झालीत, म्हणजे घड्याळ बंद आहे. त्याला चावी आई द्यायची. दोन कप आहेत. एकाच्या कडेला चहाचा ओघळ आहे, दुसरा कोरडा. त्यात चहा कधी ओतलाच नव्हता. औषधांशेजारी आईच्या चष्म्याची डबी आहे, उघडी. टपालकाकांना फोन करून विचारलं. ते आठ दिवसांत तुमच्याकडे आलेले नाहीत. टेबल फारच आवरलेलं आहे.

निकाल: खोटं.

टीप: याच माणसाकडून साडेतीन वर्षांपूर्वी असाच एक दावा आला होता. तो मी न तपासता मानला. बाबा, ती चूक एकट्या तुमची नव्हती. मी पुन्हा ती करणार नाही.

फोटोवरून एवढंच कळतं. बाकीची तपासणी जागेवर येऊन करावी लागेल. तारीख कळवणार नाही. का, ते तुम्हाला माहीत आहे."

साहेबांनी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचता येईना. चष्मा काढून पुसला तरी येईना, तेव्हा फोन टेबलावर पालथा ठेवला आणि ते तोंडावर हात घेऊन बसले. घरात कुणी ऐकणारं नव्हतं, म्हणून मोठ्यानं रडले.

मग उठून त्यांनी टेबलावरचं धुतलेलं कापड काढून टाकलं. कोरडा कप उचलायला हात पुढे केला आणि मागे घेतला. घड्याळाला चावी द्यायला स्टूल ओढलं, पण तेही तसंच सोडलं. आईच्या चष्म्याची डबी उघडी होती, उघडीच ठेवली. तपासणी येणार म्हणून दुकान आवरणारे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते.

त्या दिवसापासून रोज सकाळी ते खुर्ची दाराकडे तोंड करून मांडतात. रात्रभराचा प्रवास करून येणारं माणूस दुपारी पोचतं, हा हिशेब त्यांना ठाऊक आहे, तरी सकाळपासूनच बसतात. जिन्यावर पाऊल वाजलं की मान वर करतात. शेजारीण असते, पेपरवाला असतो, परवा टपाल होता. "आली का रे?" म्हणून त्यानंच विचारलं. "नाही अजून," साहेब म्हणाले. "कळवून येणाऱ्यांतली नाही ती."

आणि मग त्यांनी दार नुसतं लोटून ठेवलं, कडी लावली नाही.